पोलीस ठाण्यात पहिल्यांदा जाताना : ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

"मी ठाण्यात बसलेय," असं फोनवर सांगितलं तेव्हा मामी म्हणाली, "मग येताना मामलेदारची मिसळ बांधून आण." मी बसले होते पोलीस ठाण्यातल्या बाकावर. बसच्या गर्दीत पर्स गेली होती. तिच्यात मोबाइल, एटीएम कार्ड, पॅन कार्ड आणि घराची किल्ली. कराडहून नोकरीसाठी इकडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ही गोष्ट २०१७ची.

तासाभराने शिक्का मारलेला एक कागद मिळाला आणि मी समाधानाने घरी आले. पंधरा दिवसांनी मोबाइलच्या विमा कंपनीने तोच कागद परत पाठवला. त्यावर लिहिलं होतं, 'प्रवासादरम्यान पर्स गहाळ झाली.' माझ्या पर्सची चेन ब्लेडने कापली होती हे मी सांगितलं होतं, पण कागदावर चोरी हा शब्द कुठेच नव्हता. आणि खाली सही माझीच होती.

त्यानंतर दोन्ही शहरांत मिळून चार भाड्याची घरं झाली. आता सोसायटीच्या कमिटीत आहे, त्यामुळे कुणाची स्कूटर गेली, कुणाच्या सासऱ्यांना फसवलं, की "ताई, तुम्ही चला ना सोबत" असा फोन येतो. या फेऱ्यांमधून एक गोष्ट पक्की कळली. आपण काय बोललो यापेक्षा ते कुठल्या रजिस्टरात उतरलं, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

१. आपली हद्द कुठली, हे आजच बघून ठेवा

गावाकडे एकच पोलीस ठाणं असतं आणि सगळ्यांना माहीत असतं. इथे रस्ता ओलांडला की हद्द बदलते.

मोठा हिशेब असा. ठाणे शहर पोलीस आयुक्तालय फक्त ठाणे शहरापुरतं नाही. कळवा, मुंब्रा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे सगळं त्यात येतं. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय वेगळं, त्याचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला. ऐरोली-वाशीपासून पनवेल, उरणपर्यंतचा भाग त्यांचा. म्हणजे पनवेलचा जिल्हा रायगड, पण पोलीस नवी मुंबईचे. उलट मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात आहे, पण २०२० पासून तिथे मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र आयुक्तालय आहे. त्यामुळे घोडबंदर रोडने गायमुखचा घाट उतरून पलीकडे गेलात की पोलीस बदलले. ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडला उतरलात तर मुंबई पोलीस.

पत्त्यात नाव एक आणि पोलीस ठाणं दुसरंच, असंही होतं. ऐरोलीत राहणाऱ्यांना बरेचदा रबाळे पोलीस ठाण्यात जावं लागतं. त्यामुळे नकाशात सगळ्यात जवळ दिसणारी चौकी आपलीच असेल असं धरून चालू नका. सोसायटीच्या वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, त्यांना हद्द तोंडपाठ असते. विचारताना बीट कुठलं तेही विचारा. एका पोलीस ठाण्याची हद्द छोट्या छोट्या बीटमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक बीटला एक अंमलदार असतो. पुढे त्याचाच नंबर सगळ्यात जास्त कामाला येतो.

रेल्वेची गोष्ट निराळी. लोकलमध्ये किंवा फलाटावर काही घडलं तर ते लोहमार्ग पोलिसांकडे जातं. ठाणे, वाशी, पनवेल या स्टेशनांवर त्यांची स्वतंत्र पोलीस ठाणी आहेत आणि हेल्पलाइन १५१२. फलाटावर दिसणारे रेल्वे सुरक्षा दलाचे जवान वेगळे. ते मदत करतात, पण चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीसच नोंदवतात. नवखा माणूस या दोघांमध्ये हमखास तासभर फिरतो.

हद्दीवरून तुम्हाला परत पाठवलं जाऊ नये, अशी सोय आता कायद्यातच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात) खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. नोंद झाली की कागद योग्य हद्दीत पाठवणं हे पोलिसांचं काम. तरी माझं मत विचाराल तर, अंगात त्राण असेल आणि घाई नसेल तर सरळ योग्य हद्दीतच जा. वर्ग होणाऱ्या कागदाला वेळ लागतो आणि घटनास्थळाचं सीसीटीव्ही फुटेज तोवर पुसलं जाऊ शकतं.

२. घाईचं असेल तर आधी फोन

मारामारी, घरात घुसलेला माणूस, अपघात, पाठलाग : ११२. फोन नियंत्रण कक्षात जातो आणि जवळची गाडी पाठवली जाते. नवी मुंबईकरांनी इथे एक काळजी घ्यायची. 'सेक्टर १५' एवढंच सांगू नका. सेक्टर १५ वाशीतही आहे, नेरुळमध्येही, ऐरोलीतही आणि खारघरमध्येही. आधी नोड, म्हणजे वाशी, नेरुळ असं उपनगराचं नाव, मग सेक्टर, मग खूण.

लहान मुलांबाबत १०९८, महिलांसाठी १८१. ऑनलाइन फसवणुकीला १९३०, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

कुणी जखमी असेल तर आधी दवाखाना. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. उपचार आधी, कागद नंतर. मारहाणीच्या तक्रारीत मात्र वैद्यकीय तपासणीची नोंद फार महत्त्वाची. पोलीस ठाण्यातून 'यादी' देतात, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, ती घेऊन सरकारी रुग्णालयात जायचं. ते काम दुसऱ्या दिवसावर ढकललं की वळ उतरतात आणि कागदावर काहीच उरत नाही.

आणि माणूस हरवला असेल तर 'चोवीस तास थांबा' ही निव्वळ दंतकथा आहे. असा नियम नाही. मूल हरवलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानुसार अपहरणाचं गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवायचा असतो.

३. निघण्याआधी पिशवीत काय काय

- स्वतःचं ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत करारनाम्याची प्रत
- गेलेल्या वस्तूचं बिल किंवा पावती. मोबाइल असेल तर आयएमईआय क्रमांक, गाडी असेल तर आरसी बुकची प्रत
- फोटो, मेसेज, कॉलची यादी यांच्या छापील प्रती. 'मोबाइलमध्ये आहे' म्हणू नका, तो मोबाइल तिथे चारजणांच्या हातांतून फिरतो
- साध्या कागदावर लिहिलेला अर्ज, दोन प्रतींत
- पेन. खरंच सांगतेय

आयएमईआय क्रमांक बिलावर आणि खोक्यावर असतो. मोबाइल हातात आहे तोवरच स्टार-हॅश-०६-हॅश दाबून तो वहीत लिहून ठेवा.

अर्जाला अलंकारिक भाषा लागत नाही. घटना ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने, तारीख-वार-वेळ-ठिकाण घालून लिहायची. मी साधारण असा नमुना देते :

प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, (पोलीस ठाण्याचं नाव).
विषय : मोबाइल चोरीबाबत तक्रार.
महोदय, मी (नाव, वय, व्यवसाय, पत्ता, फोन). दिनांक … रोजी सायंकाळी सुमारे … वाजता … येथून … येथे जात असताना माझ्या पर्सची चेन कापून आतील मोबाइल (कंपनी, रंग, आयएमईआय, खरेदीची किंमत) अज्ञात इसमाने चोरून नेला. सोबत बिलाची प्रत जोडली आहे. तरी गुन्हा नोंदवून तपास व्हावा, ही विनंती.

'कुणीतरी घेतला असावा', 'कदाचित पडला असेल' अशी डळमळीत वाक्यं टाळा, मात्र जे बघितलंच नाही ते बघितलं असंही लिहू नका. खोटी खबर देणं हासुद्धा गुन्हा आहे.

४. आत गेल्यावर कुणाशी बोलायचं

दारातून आत शिरलं की समोरच्या टेबलावर जे बसलेले असतात ते ठाणे अंमलदार. तुमचं काम तिथून सुरू होतं. बहुतेक वेळा ते हवालदार किंवा सहायक फौजदार असतात, आणि वायरलेस, फोन, आलेला माणूस आणि स्टेशन डायरी हे चारही सांभाळत असतात. त्यामुळे पहिलं वाक्य तयार ठेवा. "साहेब, काल संध्याकाळी सात वाजता अमुक ठिकाणी माझा मोबाइल चोरीला गेला, तक्रार द्यायची आहे." सुरुवात 'काय झालं ना, आम्ही मूळचे कराडचे' इथून करू नका. मी केली होती.

बायकांना सांगते, महिला अंमलदाराशी बोलायचं असेल तर तसं सरळ म्हणा. लैंगिक गुन्ह्यांत तर पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा, असं कायदा सांगतो.

साधारण उतरंड अशी : शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, मग उपनिरीक्षक म्हणजे पीएसआय, सहायक निरीक्षक म्हणजे एपीआय, मग निरीक्षक, आणि सगळ्यांच्या वर त्या ठाण्याचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक. लोक त्यांना 'सीनियर' म्हणतात. नुसता अर्ज द्यायचा असेल तर 'बारनिशी कुठे आहे?' असं विचारा. आवक-जावक नोंदीच्या टेबलाला तिथे हाच शब्द आहे. तो उच्चारलात की समोरचा तुमच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतो.

बंदोबस्ताचे दिवस टाळता आले तर टाळा. गणपती, दहीहंडी, नवरात्र, निवडणूक. दहीहंडीच्या दिवशी ठाणे शहरात पोलीस ठाण्यात दोन माणसं सापडली तर नशीब समजा, बाकीचे रस्त्यावर असतात. हे कारण मला पटतं. बारा-बारा तास उभं राहून आलेल्या माणसाने तुमच्याकडे हसून बघावं, ही अपेक्षा मी आता सोडली आहे.

एक कळकळीची सूचना. आत शिरल्या शिरल्या मोबाइल काढून शूटिंग सुरू करू नका, बोलणं तिथेच संपतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचे आदेश दिलेले आहेत. किती वाजता आलात, कुणाशी बोललात, त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर काय नाव होतं, हे घरी आल्यावर लिहून ठेवलं तरी पुष्कळ झालं.

५. नोंद कुठल्या रजिस्टरात, हे सही करण्याआधी विचारा

हा भाग नीट वाचा, बाकीचा लेख चाळलात तरी चालेल.

तुमचं म्हणणं चार प्रकारांनी कागदावर येऊ शकतं.

पहिला, गहाळ. वस्तू हरवली, कुणी घेतली असं तुमचं म्हणणं नाही. रिक्षात विसरलेली फाइल, सापडत नसलेलं शाळेचं प्रमाणपत्र. याचा दाखला मिळतो आणि नवीन कागदपत्र काढायला तो पुरतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर ही नोंद घरबसल्याही करता येते. यात तपास नसतो.

दुसरा, एनसी, म्हणजे अदखलपात्र. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की, शेजाऱ्याची धमकी. पोलीस ते रजिस्टरात लिहितात, तुम्हाला प्रत देतात, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. 'एनसी झाली, आता त्याला उचलतील' असं समजून लोक वाट बघत बसतात. उचलत नाहीत. तरी एनसी फुकट जात नाही. तोच शेजारी तिसऱ्यांदा भांडला तर आधीच्या दोन नोंदी तुमच्या बाजूने बोलतात.

तिसरा, एफआयआर, दखलपात्र गुन्ह्याचा. याला क्रमांक पडतो, गु.र.नं. अमुक, आणि तपास सुरू होतो. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. नव्या संहितेत एक फट आहे. तीन वर्षं ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, पण ती १४ दिवसांत संपवायची असते. 'चौकशी चालू आहे' हे वाक्य महिनाभर ऐकू आलं तर हा १४ चा आकडा लक्षात ठेवा.

चौथा, तक्रार अर्ज. बारनिशीत दिला, शिक्का मिळाला, चौकशीला गेला. हा एफआयआर नव्हे. माझ्या ओळखीतले निम्मे लोक 'मी एफआयआर केलीय' म्हणून जो कागद दाखवतात तो अर्जाची पोच असते.

आता सापळा. चोरीला गेलेल्या मोबाइलसाठी 'गहाळ लिहू का, लगेच दाखला मिळेल' असं सुचवलं जातं. थकलेला माणूस 'हो' म्हणतो. मी म्हटलंच होतं. पण चोरी झाली असेल तर चोरीच लिहायला सांगा, आवाज न चढवता, पण पुन्हा पुन्हा. "साहेब, हरवला नाही, चेन कापलीय, ही बघा पर्स." कापलेली पर्स म्हणूनच फेकायची नाही.

यात किमतीचा एक बारकावा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. त्यामुळे जुना, तीन हजारांचा फोन गेला आणि एनसीच झाली, तर समोरचा टाळतोय असं नाही. वस्तू त्याहून महाग असेल तर बिल दाखवा. आणि हातातून किंवा गळ्यातून हिसकावून नेलं असेल तर ती साधी चोरी नाहीच. हिसकावण्याचा भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, तो दखलपात्र आहे. मागून मोटरसायकलवरून येऊन फोन ओढला असेल तर अर्जात 'ओढून नेला', 'हिसकावला' हेच शब्द वापरा.

६. जबाब वाचल्याशिवाय सही नाही

तुम्ही बोलता, ते संगणकावर टंकतात. लिहिलेलं तुमच्या बोलण्यासारखं नसतं. 'मी वरील ठिकाणी राहण्यास असून खाजगी नोकरी करून कुटुंबाची उपजीविका करते' अशी त्यांची ठरलेली भाषा असते. ती राहू द्या. तपासायचं ते एवढंच : तारीख, वेळ, ठिकाण, वस्तूचं वर्णन, किंमत, आणि 'चोरून नेला' की 'गहाळ झाला'. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा. मराठी वाचता येत नाही अशा शेजाऱ्याबरोबर गेलात तर त्याला वाचून दाखवायचा आग्रह धरा.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तो हक्क आहे. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत. ईमेलसारख्या मार्गाने खबर दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदीवर घेतली जात नाही. 'ऑनलाइन टाकलंय' म्हणून निवांत राहिलेले दोघे मला माहीत आहेत.

बाहेर पडण्याआधी तपासी अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर घ्या. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं बंधन त्यांच्यावर आहे. मी दर पंधरा दिवसांनी एक सभ्य मेसेज टाकते, 'नमस्कार साहेब, गु.र.नं. अमुक, काही प्रगती?' इतकंच. रोज फोन केलेल्यांचे फोन उचलले जात नाहीत.

साक्षीदार म्हणून बोलावलं तर? महिलांना, १५ वर्षांखालच्या मुलांना, साठी ओलांडलेल्या पुरुषांना आणि गंभीर आजारी किंवा अपंग व्यक्तींना साक्षीसाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. आमच्या मजल्यावरचे आजोबा दोनदा रिक्षा करून गेल्यानंतर आम्हाला हे कळलं.

मोबाइल गेला असेल तर घरी येऊन आणखी एक काम. त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरच्या सीईआयआर विभागात तक्रारीची प्रत, आयएमईआय आणि बिल टाकून फोन ब्लॉक करा. नव्या सिमवर ओटीपी येतो, म्हणून सिम आधी.

७. ऑनलाइन फसवणूक : इथे मिनिटं मोजली जातात

खात्यातून पैसे गेले की पोलीस ठाणं शोधत बसू नका. आहात तिथून १९३० लावा. खातं क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून पहिला तास लाखमोलाचा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, मग बँकेत लेखी अर्ज, आणि त्यानंतर पोलीस ठाणं.

पोलीस ठाण्यात 'साहेब आल्यावर या' असं उत्तर मिळालं तर त्यामागे एक खरं कारणही असू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण त्यासाठी तुमची तक्रार घ्यायची थांबत नाही. अर्ज देऊन पोच घ्या.

व्हिडिओ कॉलवर खाकी घालून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणणारा पोलीस नसतो. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त मास्तर अशा माणसाशी अडीच तास 'साहेब, साहेब' करत बोलत होते. बायकोने चहा आणून ठेवला तेव्हा त्यांनी तिलाही गप्प राहायची खूण केली. तिने वाय-फायचं बटण बंद केलं म्हणून पैसे वाचले.

८. तक्रार घेतलीच नाही तर

पायऱ्या ठरलेल्या आहेत, त्या गाळू नका.

आधी त्याच ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. माझ्या अनुभवात निम्मी कामं इथेच होतात. टेबलावर अडलेलं आत गेल्यावर सुटतं. नाहीच झालं तर विभागाचे सहायक पोलीस आयुक्त, मग परिमंडळाचे पोलीस उपायुक्त. उपायुक्तांना तक्रारीचा मजकूर लेखी, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. कलम १७३ मध्येच हा मार्ग दिलेला आहे, आणि पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा झाला तर ही पावती लागते. ती नसेल तर वकील आधी तुम्हाला पोस्टातच पाठवेल.

एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) टाकणं, नगरसेवकाला फोन करणं, हेही लोक करतात. कधी उपयोगही होतो. पण न्यायालयात दाखवता येतो तो कागद.

९. तक्रारीशिवायची कामं, थोडक्यात

भाडेकरूची माहिती. ती पोलिसांना कळवणं घरमालकाची जबाबदारी, पण धावपळ बहुधा भाडेकरूचीच होते. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते. दोघांची ओळखपत्रं, फोटो आणि करारनामा लागतो. एजंट 'मी करून टाकतो' म्हणतो, पैसे घेतो आणि विसरतो, म्हणून त्याच्याकडून पोच मागा. आणि '११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणी लागत नाही' हे ऐकून घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार नोंदणीकृतच हवा, कितीही महिन्यांचा असो. नोटरीचा शिक्का पुरत नाही. आणि हाच करारनामा पुढे पासपोर्टला, गॅसला, शाळेला लागतो.

पासपोर्टची पडताळणी. जिथे खरोखर राहता तोच पत्ता द्या. राहायचं घणसोलीत आणि पत्ता गावचा, असं केलं की गावचे पोलीस 'सदर इसम येथे राहत नाही' असा शेरा मारतात आणि फाइल अडते. आधार, वीजबिल किंवा करारनामा, जन्माचा पुरावा यांच्या मूळ प्रती तयार ठेवा. शेजारच्या दोघांना आधीच सांगून ठेवा. पडताळणीला आलेल्याला पैसे द्यायचे नसतात. चहा विचारा, तो बहुतेक वेळा नको म्हणतो.

चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्जानेच मिळतो. नोकरीची कंपनी मागते तेव्हा अर्जात तिचं नाव आणि पत्र जोडायचं.

घरात एकटे राहणारे ज्येष्ठ असतील तर त्यांचं नाव पोलीस ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या यादीत घाला. ही यादी प्रत्येक ठाण्याने ठेवायची असते. आमच्या बीटचे अंमलदार तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे अधूनमधून डोकावतात आणि त्यांचा रेडिओ दुरुस्त करून देण्याचं आश्वासन देऊन जातात. रेडिओ अजून तसाच आहे, पण आजी त्यांच्यासाठी चिवडा काढून ठेवतात.

आणि जमलं तर काम नसतानाही एकदा जाऊन या. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. १९६१ मध्ये त्या दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्या आठवड्यात बऱ्याच ठाण्यांत शाळेच्या मुलांना आणि रहिवाशांना आत बोलावून कामकाज दाखवतात. आमची मुलं बेड्या बघायला गेली होती आणि स्टेशन डायरी बघून आली.

१०. वस्तू सापडली तर

सापडते, खरंच. पण 'मिळाला' असा फोन आला म्हणून लगेच हातात पडत नाही. ती आता मुद्देमाल झालेली असते. एफआयआर असेल तर न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि आदेश झाला की सुपूर्तनाम्यावर वस्तू मिळते. म्हणजे खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, मोडायची नाही, बोलावलं की हजर करायची. मुद्देमाल क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून घ्या, त्याशिवाय कारकुनाला कपाटात काही सापडत नाही.

वस्तू तुमचीच आहे हे दाखवायला बिल लागतं, म्हणून तक्रार दिल्यावर बिल कपाटात मागे ढकलू नका. आमच्या शेजारच्या काकूंची सोनसाखळी सात महिन्यांत सापडली, पण सोनाराची २००९ची पावती मिळेना. घर उलथंपालथं केलं. शेवटी ती निघाली मोठ्या मुलीच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात.